एक कमी पाच हजार

"मॅडम, अभिनंदन! तुमचा कॉलेज तर एकदम मोठा झाला!"

विनिता सामंतने नुकताच डबा उघडला होता. भेंडीचा पहिला घास तोंडात होता, तो तिथेच थांबला. फोनवर घाटकोपरचा अल्पेश होता. कॉलेजांच्या ग्रंथालयांना संशोधनपत्रिकांची वर्गणी लावून देणं हा त्याचा धंदा. जोगेश्वरीच्या या कॉलेजात ग्रंथपाल झाल्यापासून अकरा वर्षांत अल्पेशने तिचं तीनदा अभिनंदन केलं होतं आणि तिन्ही वेळा काहीतरी महागलं होतं.

"मोठा म्हणजे?" तिने घास कसाबसा गिळून विचारलं.

"तुम्ही छोट्या गटात होता ना? वर्षाला पाच हजार लेखांच्या आत उघडणारे. आज आकडा चार हजार नऊशे एकतीस. पंधरा डिसेंबरला वर्ष संपतं. त्याच्या आत पाच हजार भरले की तुम्ही मोठ्या गटात. संशोधन संस्था! यादीत मोठमोठ्या लोकांच्या शेजारी नाव!"

"आणि पैसे?"

"पैसे पण त्यांच्याच शेजारी, मॅडम. आता चार लाख साठ हजार भरता, मग अकरा लाख."

विनिताने डबा बंद केला. भूक मेली होती.

अकरा लाख म्हणजे काय, हे कॉलेजात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी छापील अंक बंद करा आणि सगळं संगणकावर घ्या, अशी टिपणी तिनेच लिहिली होती. कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही, म्हणजे स्वस्तच पडणार, असा तिचा सरळ हिशोब होता. पहिल्या वर्षी पडलंही स्वस्त. दुसऱ्या वर्षापासून वर्गणी चढू लागली आणि मग लक्षात आलं, की छापील अंक विकत घेतला की कपाटात राहायचा. हे सगळं भाड्याचं होतं. वर्गणी थांबली की या वर्षाचे लेख बंद, आणि मागच्या वर्षांचेही बंद. आणि प्राचार्य ठोसरसरांनी जुलैतच बजावलं होतं, "सामंत मॅडम, यापुढे एक रुपया वाढला तर हे प्रकरण बंद. टिपणी तुमची, जबाबदारी तुमची."

त्याच जुलैतल्या बैठकीत सरांनी आणखी एक हिशोब मांडला होता. वर्षभरात अख्ख्या कॉलेजने मिळून उघडलेले लेख तीनशे बारा. "म्हणजे एक लेख पडला जवळजवळ पंधराशेला," सर म्हणाले होते. "पंधराशेत दोन पापलेटं येतात, आणि ती वाचावी लागत नाहीत. वापर वाढवा, नाहीतर बंद करा."

वापर वाढला होता. ऑक्टोबरच्या अहवालात आकडा असा काही उसळला, की सरांनी तिला पुष्पगुच्छ दिला. विनिताने जिन्यात 'वाचाल तर वाचाल' थाटाची स्वतः रंगवलेली सहा भित्तिपत्रकं लावली होती. त्यांचाच हा गुण, असं तिने स्वतःला आणि घरी नवऱ्याला पटवून दिलं होतं. पण आज आकडा ऐकल्यावर तिला पहिल्यांदा प्रश्न पडला. भित्तिपत्रकांनी चार हजार लेख? या कॉलेजात? इथली मुलं भित्तिपत्रकसुद्धा अर्धंच वाचतात.

"गुणाजी!" तिने हाक मारली.

गुणाजी मेस्त्री हा ग्रंथालयातला शिपाई. बाप गिरणीत, हा इथे; कॉलेजात तीस वर्षं झाली तरी बोलण्यातून मालवण काही जात नव्हतं. हाताला सतत काहीतरी काम लागायचं. संगणक आले तेव्हा टेबलं बुटकी पडली, सगळ्यांच्या माना दुखायला लागल्या, तर यानेच कुठून तरी ठोकळे आणून दहाही मॉनिटरांखाली ठेवले आणि सभागृहाच्या जुन्या निळ्या पडद्याच्या खोळी शिवून त्यांना घातल्या. माना बऱ्या झाल्या.

"गुणाजी, सकाळी मी यायच्या आधी संगणक कोण वापरतं?"

"कोण नाय. मीच चालू करतंय. आणि अंक मांडून ठेवतंय."

"अंक? कुठले अंक?"

"ते काय, ह्येच्यातले." गुणाजीने कौतुकाने मॉनिटरवरून फडकं फिरवलं. "सायब जुलैत म्हणाले ना, वापर नाय तर बंद. मगे मी सप्टेंबरपासून रोज मांडूक लागलंय. एका संगणकार पाच, धा संगणकांर पन्नास. दिवाळीच्या सुट्टीत पण इलंय, मॅडम. एक दिस चुकवूक नाय."

विनिता खुर्चीत बसली. आधीच बसलेली होती, पण पुन्हा बसल्यासारखं झालं.

गुणाजीची चूक नव्हती, हीच तर पंचाईत. छापील अंकांच्या काळात नियम तिचाच होता. 'वाचून झालेले अंक जागेवर ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावेत' ही पाटी तिनेच लावली होती. संध्याकाळी टेबलावर पडलेले अंक मोजायचे. जितके पडले तितका वापर. एखादी पत्रिका बंद व्हायच्या बेतात आली, की गुणाजी सकाळीच तिचे चार अंक टेबलांवर पसरून ठेवायचा. विनिताला ते दिसायचं, आणि ती न दिसल्यासारखं करायची. अशा रीतीने दोघांनी मिळून तीन पत्रिका वाचवल्या होत्या.

"पण ते लेख तुम्ही वाचता तरी का?"

"इंग्रजी असता, मॅडम. पण चित्रां बगतंय," गुणाजी म्हणाला. "माशांची बरी असतत."

तिने अल्पेशला उलट फोन लावला. चुकून उघडले गेले, ते वजा करता येतील का? अल्पेश हळहळला. "मॅडम, सिस्टमला चुकून समजत नाही. उघडला म्हणजे उघडला."

म्हणजे उरले अडुसष्ट. चार हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत चालेल, पाच हजारावा उघडला की संपलं. दहा दिवस होते. गुणाजीला तंबी मिळाली, एरवी कुणी फिरकत नाही, म्हणजे अडुसष्ट पुरतील असं विनिताने मनाशी धरलं आणि त्याच क्षणी दारातून समीक्षा वेसावकर आत आली.

समीक्षा प्राणिशास्त्राची तरुण प्राध्यापिका, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई बोंबील सुकवते, आजी सुकवायची, आणि हिचा प्रबंध सुक्या बोंबलाला धरणाऱ्या बुरशीवर. ग्रंथालयातल्या पत्रिका मनापासून वाचणारा माणूस कॉलेजात एकच, तो म्हणजे ही.

"मॅडम, वीस तारखेला गाइडला शेवटचं प्रकरण द्यायचंय. बारा लेख लागतील."

"बारा?" विनिता किंचाळली. "सोळा तारखेनंतर नाही का चालणार?"

"सोळाला जुनी वर्गणी संपते ना? मग आपल्या ऑफिसातून नवा चेक निघेपर्यंत सगळं बंद. मागच्या वर्षी चेक फेब्रुवारीत निघाला. माझी मुदत जानेवारीत संपते. ह्या वेळी अडकले तर नव्याने नोंदणी, मॅडम. चार वर्षं पाण्यात."

विनिताने तिला दार लावायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. समीक्षा आधी हसली, मग हसायची थांबली. "म्हणजे आकडा वाढला की अकरा लाख, सर बंद करणार, आणि नाही वाढला तर..."

"नाही वाढला तरच सगळं नीट. तू रोज दोन उघड. मोजून दोन. बाकी कुणाला मी इथे फिरकू देत नाही."

शनिवारी दुपारी सरांचं परिपत्रक निघालं. ग्रंथालयाचा वाढता वापर पाहून प्राचार्यांना अत्यानंद झाला होता, म्हणून सोमवारपासून वाचन सप्ताह. प्रत्येक वर्गाने ग्रंथालयात यावं आणि प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक संशोधन लेख उघडावा.

"वाट लागली," समीक्षा म्हणाली.

सरांना खरं सांगावं, तर पुष्पगुच्छाचं काय करायचं? विनिताने सोमवारी सकाळी कंबर कसली. जी बाई अकरा वर्षं पोरांनी वाचावं म्हणून जिवाचा आटापिटा करत होती, ती आता दारात उभी राहून पोरांना वाचण्यापासून परावृत्त करू लागली. पहिल्या वर्गाला तिने तासभर ग्रंथालयाचे नियम समजावले. दुसऱ्या वर्गाला सांगितलं, की खरा अभ्यासक फक्त सारांश वाचतो. सारांश उघडला तर मोजणी होत नसे. तिसऱ्या वर्गाच्या वेळी दहापैकी सहा संगणक गुणाजीने 'नादुरुस्त' करून ठेवले. चौथ्या वर्गाला तिने डोळ्यांच्या व्यायामाचं महत्त्व पटवून दिलं, आणि अख्खा वर्ग तळवे चोळून डोळ्यांवर धरून बसला.

तरी पोरं ती पोरं. एरवी ज्यांना हाताला धरून आणावं लागायचं, त्यांना इथे काहीतरी लपवलं जातंय असा वास आला आणि ती चटाचट लेख उघडू लागली. विनिता दर दहा मिनिटांनी आपल्या संगणकावर आकडा बघायची. चार हजार नऊशे एकोणपन्नास. त्रेपन्न. एकसष्ट. रात्री भाजी फोडणीला टाकताना ती आकडा पुटपुटायची. नवऱ्याने एकदा काळजीने विचारलं, "शेअर घेतलेत का गं कुठले?"

गुरुवारी अक्षता नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी एकटीच आली. "मॅडम, खाडीतल्या पाण्यावरचा एक लेख आहे, तो पूर्ण वाचू? सारांशात कळत नाही."

"सारांशच बरा असतो, बाळा."

"पण मला खरंच वाचायचंय."

हे वाक्य ऐकायला विनिता अकरा वर्षं थांबली होती. तिला स्वतःची लाज वाटली. "उघड," ती म्हणाली, "पण एकच. आणि सावकाश वाच. शेवटपर्यंत वाच." मग तिने खिडकीबाहेर बघत नाक पुसलं आणि आकडा बघितला. पंच्याऐंशी.

शनिवारी संध्याकाळी सप्ताह संपला तेव्हा पडद्यावर आकडा होता चार हजार नऊशे नव्याण्णव. समीक्षाचे अकरा लेख झाले होते. बारावा राहिला होता.

"आणि तोच मेन आहे," समीक्षा रडवेली झाली. "डॉ. धाकू आचरेकर. दोन हजार नऊ साली बोंबलाच्या बुरशीवर त्यांनी लिहिलं, त्यानंतर कुणी धड कामच केलं नाही. माझं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे."

"त्यांना पत्र पाठव ना. लेखकाकडे स्वतःची प्रत असणारच."

समीक्षाने ई-मेल केला. रविवारी उत्तर आलं. आचरेकर निवृत्त होऊन नाहूरला राहत होते, आपला लेख अजून कुणीतरी शोधतंय याचा त्यांना फार आनंद झाला होता, आणि सोमवारी दुपारी ते स्वतः येत होते. विनिताने देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी तीनच्या सुमाराला आचरेकर आले. सत्तरीचे, काटक, हातात छत्रीएवढी लांब पिशवी. समीक्षाची नजर पिशवीवर.

"सर, प्रत आणलीत ना?"

"प्रत?" आचरेकर चकित झाले. "अहो, ती असती तर एवढ्या लांब आलो असतो का? आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा सगळी गेली. निवृत्त झालो तसं ऑफिसचं लॉगिनही गेलं. आता माझाच लेख मला घरी उघडायचा तर बेचाळीस डॉलर मागतात. म्हटलं, तुमच्याकडे लायब्ररी आहे, तुमच्याकडे दिसेल. नातवालाही दाखवीन फोटो काढून."

"मग ह्या पिशवीत काय आहे?"

"बोंबील. तुझ्यासाठी. बुरशी नसलेले."

विनिता आणि समीक्षा एकमेकींकडे बघत राहिल्या. गुणाजीने मात्र पाण्याचा पेला पुढे करून आडनावावरूनच सूत जुळवलं. "आचरेकर म्हणजे आचऱ्याचेच काय वो?" आणि दोघं मालवणीत असे रंगले, की लेखाचा विषय पाच मिनिटं तरी टळला. एवढ्यात दार उघडलं आणि प्राचार्य ठोसरसर शाल, नारळ आणि फोटो काढायला क्लार्क घेऊन आत आले. मोठा शास्त्रज्ञ आल्याची बातमी त्यांना लागली होती.

शाल पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला. सर खुशीत होते. "बोला, आचरेकरसाहेब, आमच्या ग्रंथालयाची काय सेवा करू?"

"काही नाही हो. माझाच एक जुना लेख बघायचा होता."

"बस, एवढंच?" सरांनी कोटाच्या बाह्या सावरल्या आणि ते तडक पहिल्या संगणकासमोर बसले. आयुष्यात त्यांनी एकही लेख उघडला नव्हता, पण आज क्लार्क फोटो काढत होता. "आमच्याकडे सगळं जग एका बोटावर आहे!"

"सर, नको!" विनिता ओरडली.

"सर, प्लीज नको!" समीक्षा ओरडली.

"सायब, हात काढा!" गुणाजी ओरडला.

हा सगळा विनय आहे असं सरांना वाटलं. "अहो, मी करतो ना," म्हणत त्यांनी नाव टाकलं. लेख सापडला. विनिताने डोळे मिटले. माउसचा 'टक्' आवाज आला.

मग सरांचा आवाज आला, "हे काय?"

विनिताने एक डोळा उघडला. पडद्यावर लेख नव्हता. एक चौकट होती. दोन हजार तेरापूर्वीचे अंक आपल्या वर्गणीत समाविष्ट नाहीत. ते वेगळ्या संचात मिळतील. हा एकच लेख हवा असल्यास बेचाळीस डॉलर.

ती धावत आपल्या संगणकाकडे गेली. चार हजार नऊशे नव्याण्णव. न उघडलेला लेख मोजला गेला नव्हता. दोन दिवस ज्या एका लेखासाठी जीव टांगणीला लागला होता, तो मुळात उघडणारच नव्हता. तिला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

"सामंत मॅडम," सरांचा चेहरा पाहुण्यांसमोर उतरला होता, "आपण साडेचार लाख भरतो ना?"

"ते दोन हजार तेरानंतरच्या अंकांचे, सर. आधीच्यांचे वेगळे."

"मग दोन हजार नऊला आपण काय घेत होतो?"

"छापील अंक, सर. वर्षाचे एकत्र बांधून ठेवायचो."

"ते कुठे आहेत?"

विनिताने मान खाली घातली. संगणकांना जागा हवी म्हणून ते रद्दीत काढायची टिपणीही तिचीच होती. मंजुरीची सही सरांची होती, ती सरांनाही आठवली असावी, कारण त्यांनी पुढे विचारलं नाही. समीक्षाने पिशवीतले बोंबील छातीशी धरले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आचरेकर म्हणाले, "असू दे हो. मला पाठ आहे थोडा," आणि ते ऐकून सगळ्यांनाच जास्त वाईट वाटलं.

"सायब, जरा बाजूक सरा," गुणाजी म्हणाला.

सर खुर्चीवरून उठले. गुणाजीने दोन्ही हातांनी मॉनिटर उचलला, क्लार्कच्या हातात दिला आणि खालच्या ठोकळ्याची निळी खोळ काढली. खोळीतून निघाले दोन जाडजूड बांधीव खंड. पाठीवर सोनेरी अक्षरात त्याच पत्रिकेचं नाव आणि वर्षं होती, दोन हजार सात आणि दोन हजार आठ. "ह्यो न्हय," म्हणत तो पुढच्या संगणकाकडे गेला आणि तिथला मॉनिटर समीक्षाच्या हातात दिला. तिथे नऊ सापडलं.

"गुणाजी, हे रद्दीत द्यायचं होतं!" विनिताच्या तोंडून निघून गेलं.

"रद्दीवालो इल्लो, मॅडम. म्हणता गुळगुळीत कागदाक भाव नाय. किलोक चार रुपये. मगे तुमच्या माना दुखूक लागल्यो. म्हटला, ह्येच लाव्या." त्याने फडक्याने खंड पुसला, टेबलावर नीट मांडला आणि आचरेकरांसमोर खुर्ची ओढली. "बसा, डॉक्टर. बगा, व्हया तितक्या येळा."

आचरेकरांनी पानं उलटली आणि एका पानावर हात ठेवला. वर त्यांचं नाव होतं. सोळा वर्षांपूर्वीच्या सुक्या बोंबलाच्या आठ काळ्यापांढऱ्या आकृत्या होत्या. समीक्षा मॉनिटर पोटाशी धरूनच त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होती आणि गुणाजी एकेका चित्रावर बोट ठेवून, "ह्यो बरो असा," म्हणत होता.

सरांनी घसा साफ केला. "गुणाजी, हे... किती वेळा उघडलेलं चालतं?"

"सायब, बांधणी सुटापर्यंत."

सर थोडा वेळ त्या खंडाकडे आणि थोडा वेळ पडद्यावरच्या बेचाळीस डॉलरकडे बघत राहिले. मग क्लार्कला म्हणाले, "दहाही संगणकांखालचे काढा. टेबलावर मांडून ठेवा." आणि पाहुण्यांना विसरून निघून गेले. विनिताने सुटकेचा श्वास सोडला. पुष्पगुच्छाबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं.

साडेपाचला सगळे गेले. मॉनिटर आता टेबलावर टेकले होते आणि बघायला मान वाकवावी लागत होती. विनिताने शेवटचा आकडा बघितला. एक कमी पाच हजार. अल्पेशला उद्या फार वाईट वाटणार होतं.

गुणाजी खिडक्या लावून आला आणि वाचनालयाच्या मधोमध थांबला. दोन हजार नऊचा खंड बोंबलाच्या पानावर उघडाच पडला होता.

"मॅडम, टेबलार एक अंक पडलो हा," तो भीत भीत म्हणाला. "मोजू?"

विनिताने खणातून जुनी नोंदवही काढली, तिच्यावरची सहा वर्षांची धूळ फुंकली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"मोजा," ती म्हणाली. "आणि उचलू नका. उद्या परत मोजू."